कुलूप घालण्याआधी

दिवाळी आटोपली की वडवणी, धारूर, शिरूर कासार, पाटोदा या डोंगरपट्ट्यातल्या वाड्या-तांड्यांवर ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. भांडी, बाजरीचं पोतं, शेळी, लेकरं सगळं ट्रॉलीत चढतं आणि घराला कुलूप लागतं. ते उघडतं पाडव्याच्या आगेमागे. यात नवीन काही नाही, बीड जिल्ह्याला हे पिढ्यानपिढ्यांचं आहे. नवीन आहे ते कुलपामागचं घर. पूर्वी मातीचं किंवा पत्र्याचं असायचं, आता बऱ्याच ठिकाणी स्लॅबचं आहे. पुढं ग्रील, भिंतीला पोपटी नाहीतर गुलाबी रंग. घर पक्कं झालं ही आनंदाचीच गोष्ट. पण ते ज्यांनी बांधलं ती माणसं वर्षातले पाच महिने ऊसतोडीसाठी सांगली-कोल्हापूरला नाहीतर बेळगाव-बागलकोटला फडाशेजारी उसाच्या पाचटाच्या कोपीत काढतात. या दोन्ही घरांबद्दल चार गोष्टी सांगायच्या आहेत. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेण्याआधी त्या घरात बसून बोलाव्यात, एवढीच विनंती.

आधी एक गैरसमज बाजूला सारू. पारावर बसलं की कोणीतरी म्हणतंच, ‘लोकं वाढली, मग दुसरं काय होणार?’ लोक वाढले हे खरं आहे. १९७१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १३ लाख होती, २०११ साली ती २५ लाख ८५ हजार झाली. चाळीस वर्षांत दुप्पट. जमीन तेवढीच राहिली आणि बापाच्या दहा एकराचे भावाभावांत तुकडे पडले. गावठाणात एका वाड्याच्या चार खोल्या चार चुलींच्या झाल्या. पण आता दुसरा आकडा बघा. २०११ सालीच बीडमध्ये एका चौरस किलोमीटरला २४२ माणसं राहत होती आणि कोल्हापुरात ५०४. म्हणजे आपल्याहून दुपटीनं दाटीच्या जिल्ह्यात ऊस तोडायला माणूस लागतो आणि तो विरळ वस्तीच्या बीडमधून जातो. माणसं जास्त झाली म्हणून गाव सोडावं लागत असतं, तर ट्रॅक्टर उलट्या दिशेनं धावले असते. फरक पाण्याचा आहे. कृष्णा-पंचगंगेच्या काठाला बारमाही पाणी आहे, आपण बालाघाटाच्या उतारावर पर्जन्यछायेत आहोत. १९७२ चा दुष्काळ म्हाताऱ्यांना आठवतो, २०१२-१३ चा आणि २०१५-१६ चा तर तुम्हा-आम्हा सगळ्यांना. परळीचं वीज केंद्रसुद्धा त्या काळात पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. तेव्हा गरिबीचा सगळा दोष आपल्या लेकरांच्या संख्येवर घेऊ नका आणि कोणी घातला तर मान खाली घालू नका.

हाच सूर पुण्याकडे उलटा ऐकू येतो. भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात आपली हजारो पोरं कंपन्यांत आहेत. तिथं बोललं जातं की मराठवाड्यातून लोंढे आले आणि खोल्यांची भाडी वाढली. यात तथ्य नाही असं म्हणणं खोटेपणाचं होईल. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २००१ साली १० लाख १२ हजार होती, २०११ साली १७ लाख २७ हजार झाली. दहा वर्षांत सात लाख माणसं वाढली आणि खोल्या, नळ, शाळा त्या वेगानं वाढल्या नाहीत, तर भाडं चढणारच. दहा बाय दहाच्या खोलीत पाच पोरं राहणारच. मात्र त्या माणसांना कारखान्यांनी बोलावलं होतं आणि त्यांच्या भाड्यावर तिथल्या जमीनमालकांच्या चाळी उभ्या राहिल्या, हेही त्याच दमात सांगायला हवं. आपणही जपून बोलावं. आता आपल्याच गावात फरशी बसवायला परप्रांतातली पोरं येतात तेव्हा आपल्या तोंडी तीच भाषा येते.

पुण्याकडे राहणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. खोली घेताना भाडेकराराची नोंदणी करून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे ती घरमालकाची जबाबदारी आहे. कागद नसेल तर अनामत रकमेवरून वाद झाला की तुमच्या हातात काही राहत नाही. आणि नोटरीच्या कागदावर अर्धा-एक गुंठा विकत घेऊ नका. सातबाऱ्यावर नाव लागणार का, हे तलाठ्याकडे जाऊन विचारल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. गावाकडची दोन एकर विकून असा गुंठा घेणारे आणि शेवटी दोन्हीकडून हात धुऊन बसलेले लोक प्रत्येक तालुक्यात सापडतील.

आता मूळ मुद्द्यावर येतो, उचलीवर.

पोळ्याच्या आसपास तोडणीची टोळी जमवणारा मुकादम घरी येतो आणि जोडीमागं, म्हणजे एका कोयत्यामागं, रक्कम हातात ठेवतो. घराचं काम अर्धवट असेल तर आपण म्हणतो, ‘आणखी पन्नास हजार वाढवून द्या.’ तो देतोही. इथं थांबून हिशेब घाला. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनाला सुमारे ३६६ रुपयांवर गेला. एक जोडी दिवसाला दोन टन तोडते असं धरू. पन्नास हजार रुपये फेडायला १३७ टन ऊस तोडावा लागतो, म्हणजे ६८ दिवस. पहाटे चारला उठून, थंडीत, मोळ्या डोक्यावर वाहून गाडी भरायची, असे ६८ दिवस. त्यात आजारपण आलं तर खाडा, आणि खाड्याचा दंड वेगळा. लाखाची उचल म्हणजे साडेचार महिने, जवळजवळ अख्खा हंगाम. खाण्यापिण्याचा खर्च यात धरलेलाच नाही. फिटलं नाही तर बाकी पुढच्या वर्षावर चढते आणि पुढच्या वर्षी कुठल्या मुकादमाबरोबर, कुठल्या कारखान्यावर जायचं हे ठरवण्याचा तुमचा हक्कही तिच्याबरोबर जातो. दर्शनी भिंतीची नक्षी आणि स्टीलचं ग्रील यासाठी ६८ दिवस द्यायचे का, हे नवरा-बायकोनं मिळून ठरवावं. मिळून म्हणतो, कारण कोयता दोघांचा असतो आणि उचलीचा अंगठा बहुतेक वेळा एकाचाच.

घरकुलाचंही तसंच. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात, शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि संडासाचे १२ हजार. योजनेनं किमान घर धरलं आहे २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं. आपण शेजाऱ्याकडे बघून सहाशे-सातशेचा पाया खोदतो. पैसे हप्त्यानं येतात, पाया, जोतं, छत असं काम जसं चढेल तसे फोटो काढून पुढचा हप्ता सुटतो. पाया मोठा घेतला की पहिला हप्ता पायातच जिरतो, दिवाळी येते, काम खिडकीच्या उंचीवर थांबतं आणि घरवाले फडावर. उघड्या सळ्या गंजतात, पावसात विटा झिजतात. गावोगाव अशा अर्धवट भिंती उभ्या आहेत.

म्हणून माझं सांगणं असं. घर लहान घ्या, पण जिना नाहीतर दोन सळ्या वर ठेवा, पुढं वाढवता येईल. संडास आणि न्हाणी आधी बांधा, बैठकीची खोली नंतर. त्या १२ हजारांत पत्र्याचा खोका उभा करून फोटो काढण्यापेक्षा त्यात चार पैसे घालून टाकीसकट नीट बांधा. वेळेचाही विचार करा. पाडव्याला परत आलं की लगेच बांधायला घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे, पण एप्रिल-मे हे आपल्याकडचे टँकरचे महिने. प्यायला पाणी नाही तिथं भिंतीला कोण पाणी मारणार? भिंत भिजवली नाही तर सिमेंट कच्चं राहतं आणि दोन वर्षांत तडे जातात. उन्हाळ्यात सामान जमवा, पाया खोदून ठेवा आणि पावसाची उघडीप बघून श्रावण-भाद्रपदात काम चढवा. तेव्हा विहिरीला पाणी असतं आणि तुम्हीही घरी असता.

घर, पाणी, जागा यांचा निर्णय ग्रामसभेत होतो. घरकुलाची यादी, नळयोजना, गायरानातली जागा, सगळं तिथंच वाचलं जातं. वर्षात चार ग्रामसभा ठरलेल्या असतात: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. यातल्या जानेवारीच्या सभेला तुम्ही गावात नसता, बाकी तिन्हीला असता. तरी निम्मं गाव तिथं फिरकत नाही, नंतर सरपंचाला नावं ठेवतं. ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र करून घ्या. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं जे कल्याण महामंडळ निघालं, त्यासाठी कारखान्यांकडून टनामागं दहा रुपये घ्यायचं ठरलं आहे. तो पैसा तुमच्या घामाचा आहे, पण ज्याची नोंद नाही त्याला तो मागता येणार नाही. रेशनकार्ड आधारला जोडलेलं असेल तर धान्य दुसऱ्या जिल्ह्यात, अगदी कर्नाटकातही उचलता येतं. ते गावातल्या दुकानात पडून राहू देऊ नका.

लेकरांचं काय? घरात म्हातारी माणसं असतील तर मुलं त्यांच्याकडे ठेवा आणि हंगामी वसतिगृहाची मागणी दिवाळीच्या सुट्टीआधी शाळा व्यवस्थापन समितीकडे लेखी करा. मुलीची काळजी जास्त वाटते, हे समजतं. कुलूपबंद घर, एकटी पोर, फडावर न्यावं तर कोपीला दार नाही. मग सोळाव्या वर्षी लग्न लावून मोकळं होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायकांपैकी चाळीसहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. आईबाप दुष्ट आहेत म्हणून हे होत नाही. सुरक्षित छप्पर नाही म्हणून होतं आणि लग्न झालं की नवा कोयता तयार होतो. पण याला उपाय लग्न नाही, वसतिगृह आहे. संत भगवानबाबांच्या नावानं शासनानं २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी वसतिगृहांची योजना मंजूर केली. आपल्या तालुक्यात ते कुठं आहे, मुलींच्या किती जागा आहेत, हे पंचायत समितीत जाऊन विचारा. एकट्यानं गेलात तर उद्या या म्हणतील, तेव्हा दहा-बारा बाया मिळून जा.

राहिली कोपी. गावात स्लॅब आणि फडावर पाचट, हे आपण इतकं गृहीत धरलं आहे की त्याबद्दल कोणी भांडतसुद्धा नाही. आठ-दहा फुटांची जागा, वाकून आत शिरायचं, वीज नाही, पाणी लांब. बाईनं अंधार असतानाच अंघोळ उरकायची आणि पाळीच्या दिवसांतही खाडा करायचा नाही. २०१९ साली बीडच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न देशभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. यात डॉक्टरांचा लोभ होता, अज्ञान होतं, खाड्याच्या दंडाची भीती होती. पण न्हाणी आणि संडास नसलेल्या जागेत वर्षानुवर्षं राहिल्यावर अंगाला जडणारी दुखणीही होती. त्या दुखण्यांवरचा इलाज बाईच्या पोटात नाही, फडाशेजारी शोधायला हवा होता.

कारखान्याला ऊस वेळेवर हवा असतो आणि तोडणारे हात आता पूर्वीइतके सहज मिळत नाहीत. यंत्रं आली आहेत, तरी लहान वाफ्यात आणि ओल्या रानात माणूसच लागतो. ही तुमची ताकद आहे, पण ती वापरायची वेळ उचल घेण्याआधीची असते, नंतरची नव्हे. यंदा मुकादम दारात आला की ‘उचल किती देता’ हा प्रश्न दुसरा ठेवा. पहिला विचारा: कोपीसाठी जागा कोणती, पाणी किती लांब, बायकांना संडास-न्हाणी आहे की नाही, रात्री दिवा आहे का. आणि हा प्रश्न घरातल्या बाईला विचारू द्या. एका तांड्यावरच्या सगळ्या जोड्यांनी एकच प्रश्न विचारला, तर मुकादमाला तो कारखान्यापर्यंत न्यावाच लागेल.