स्वप्नातसुद्धा आठवलं पाहिजे ना!

पहाटेचे चार. गंजाडमधला एक पाडा, किर्र अंधार, हातात मोबाइलचा टॉर्च, पायात दुसऱ्याच कुणाच्या तरी चपला. आणि मी संडासच्या दिशेने निघालेय. कारण काल झोपताना मी दोन तांबे पाणी प्यायलेय. मुद्दाम! घरात पाच माणसं एकाच खोलीत झोपलेली, तिथे अलार्म कसा लावणार? मग पोटातलाच अलार्म लावला.

या कॉलमसाठी मी आजवर काय काय करून बघितलंय. आठवडाभर मोबाइलशिवाय राहिले, साल्साच्या क्लासला गेले (त्या पार्टनरच्या पायाची आजही माफी मागते). पण झोपेवर कधी प्रयोग केला नव्हता. आपल्याकडे झोप असतेच कुठे प्रयोग करण्याइतकी?

तर विषय आहे ल्युसिड ड्रीम. म्हणजे स्वप्न चालू असताना ‘अरे, हे तर स्वप्न आहे’ हे कळणं, आणि कळूनही जाग न येणं. एकदा कळलं की काहींना स्वप्नात हवं ते करता येतं. उडायचंय? उडा. बॉसला सुनवायचंय? सुनवा. ऑफिसात हा विषय काढला तेव्हा दहापैकी सात जणांनी बॉसचंच नाव घेतलं!

माझं कारण वेगळं होतं. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी आजीचा फोन आला. मी मीटिंगमध्ये होते. कट केला आणि ‘नंतर करते’ असा मेसेज टाकला. आजीला मेसेज वाचता येत नाही हे मला माहीत होतं, तरी टाकला. नंतर केला नाही. त्याच रात्री झोपेतच आजी गेली. तेव्हापासून महिन्यातून दोन-तीनदा तेच स्वप्न. फोन वाजतोय, स्क्रीनवर ‘आजी’, आणि मी कितीही दाबलं तरी तो उचलला जात नाही. मग दचकून जाग, घशाला कोरड, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी म्हणजे चालतं-फिरतं भूत.

शास्त्र थोडक्यात सांगते. आपली झोप साधारण नव्वद मिनिटांच्या फेऱ्यांमध्ये होते. पहिल्या फेऱ्यांत गाढ झोप जास्त, तर स्वप्नांची म्हणजे ‘रेम’ झोप पहाटेकडे लांबत जाते. त्या वेळी शरीर जवळजवळ लुळं असतं, डोळे मात्र हलतात. याचाच फायदा घेऊन १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी अ‍ॅलन वर्स्ली या माणसाकडून झोपेतून निरोप मिळवला. आधी ठरल्याप्रमाणे त्याने स्वप्नातच डोळे डावी-उजवीकडे फिरवले आणि इकडे यंत्रावर रेषा उमटल्या. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनी हेच स्वतंत्रपणे दाखवलं, आणि मुद्दाम असं स्वप्न पाडायची रीतही बसवली.

रीत दिसायला सोपी आहे. पाच-सहा तास झोपायचं. मग उठायचं, थोडा वेळ जागं राहायचं. नुकतंच पडलेलं किंवा नेहमी पडणारं स्वप्न आठवायचं, त्यातली विचित्र खूण हेरायची. परत आडवं होऊन डोळ्यांसमोर आणायचं की आपण त्याच स्वप्नात आहोत, ती खूण दिसली आणि आपल्याला कळलं. हे बघत बघतच झोपून जायचं. खरी परीक्षा आहे ती आठवणीची. घरी जाताना दूध आणायचंय हे जसं लक्षात ठेवतो तसं ‘पुढच्या स्वप्नात मला कळायचंय’ हे लक्षात ठेवायचं. आणि दूध तर आपण जागेपणीही विसरतो!

अहो, आपण कोण? खुद्द तुकोबा स्वप्नात विसरले होते. बाबाजींनी त्यांना स्वप्नात गुरुमंत्र दिला, डोक्यावर हात ठेवला, हे सगळं त्यांनी अभंगात सांगितलंय. त्यातच हेही आहे की गुरूंनी जेवायला पावशेर तूप मागितलं आणि स्वप्नात त्याचा विसर पडला. शाळेत हा अभंग भक्तीचा म्हणून वाचला होता. आता वाचला तर वाटलं, स्वप्नातल्या विसरभोळेपणाबद्दल इतकं नेमकं दुसऱ्या कुणी लिहिलंय का?

गोरेगावच्या फ्लॅटवर मी तीन आठवडे झटले. पहाटे चारचा अलार्म. रूममेटने पहिल्या आठवड्यात उशी फेकून मारली, दुसऱ्यात भाडं वाढवायची धमकी दिली. आणि हाती काय? शून्य. माझी गोची अशी की मला डोळे मिटल्यावर चित्र दिसतच नाही. वाक्यं सुचतात. ‘समोर फोन आहे. त्यावर नाव आहे.’ मग ते वाक्य नीट करावंसं वाटतं, पुढचा पॅरा सुचतो, आणि साडेपाचला मी टक्क जागी. मास कम्युनिकेशनच्या डिग्रीचा हा साइड इफेक्ट कुणी सांगितला नव्हता.

गंजाडला गेले ती खरं तर दुसऱ्याच कामाला, वारली चित्रांवरच्या फीचरसाठी. डहाणू रोडला लोकलने उतरायचं आणि समुद्राकडे पाठ करून पूर्वेला निघायचं. पालघर जिल्ह्यातल्या या गावातला कळंबीपाडा म्हणजे जिव्या सोमा म्हसे यांचा पाडा. लग्नघरात सवाशिणींनी काढायची ही चित्रं म्हसे रोज काढू लागले, सत्तरच्या दशकात कागदावर आली, पुढे परदेशांत पोचली. २०११ मध्ये पद्मश्री. १५ मे २०१८ ला ते गेले. त्यांच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. सातव्या वर्षी आई गेली आणि मुलाने बोलणंच सोडलं. काही सांगायचं तर धुळीत बोटाने चित्र काढायचा.

मी ज्यांच्याकडे उतरले होते ते काकाही चित्रकार. संध्याकाळी अंगणात बसून मी माझं रडगाणं गायले, की मला मनात चित्रच दिसत नाही. (वारली लोकांकडे स्वप्नांचं काहीतरी गूढ ज्ञान असेल, अशी एक शहरी आशाही होती. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, स्वप्न पडतं, सकाळी विसरतं, कामं असतात. झालं ज्ञान!) काका हसले. म्हणाले, मलाही सगळं कुठे दिसतं? हात फिरतो तेव्हा दिसतं. आणि त्यांनी मातीत बोट टेकवलं. एक त्रिकोण, त्याखाली दुसरा, टोकाला टोक. वर वाटोळं डोकं. काड्यांचे हातपाय. माणूस तयार. चार मिनिटांत मलाही जमला. माझ्या माणसाला मात्र थोडं पोट सुटलं होतं.

तर पहाटेचे चार. संडासहून आले, अंगणात दहा मिनिटं बसले, थंडी वाजली तशी आत आले. गोधडीवर पडून त्या खरखरीत कापडावर बोट फिरवलं. दोन त्रिकोण. डोकं. हातात एक चौकोन, तो फोन. मग माणूस मान खाली घालून चौकोनाकडे बघतोय. पुन्हा पहिल्यापासून. वाक्य आलं की बोट फिरवायचं. तिसऱ्या की चौथ्या वेळी बोट थांबलं असावं.

स्वप्नात मी जुन्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये होते. नाही, त्रिकोणबिकोण काही दिसले नाहीत. फोन वाजला. स्क्रीनवर ‘आजी’, पण अक्षरं सरकत होती, कधी ‘जीआ’, कधी नुसतं ‘आ’. आणि मला कळलं. छातीत धडधडलं, लिफ्टच्या भिंती फिकट व्हायला लागल्या. मी पाठ करून ठेवलेलं सगळं विसरले. एवढंच म्हणाले, ‘आजी, मी मीटिंगमध्ये होते गं.’ फोन वाजतच राहिला. मी तो उचलायला गेले नाही. वाजू दिला. मग जाग आली. सगळं मिळून दहा सेकंदही नसतील. पण दचकले नाही, घसा कोरडा नव्हता.

उठल्या उठल्या काकूंना विचारलं, मी झोपेत काही बोलले का? त्या चुलीपाशी होत्या. म्हणाल्या, बोलली नाहीस, घोरत होतीस.

फार हुरळून जाऊ नका. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडच्या डेनहोम अ‍ॅस्पी यांनी २०१७ मध्ये छापलेल्या अभ्यासात ही रीत इतर सवयींच्या जोडीने करणाऱ्यांनाही आठवड्याभरात साधारण १७ टक्के वेळाच यश आलं. मनात घोकून पाच मिनिटांत झोपी गेलेल्यांचं प्रमाण मात्र ४६ टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे लवकर परत झोप येणं महत्त्वाचं, आणि माझी वाक्यं नेमकी तिथेच आडवी येत होती. शिवाय रोज पहाटे झोपमोड म्हणजे दिवाळं. मी फक्त शनिवारी रात्री करते. ज्यांना आधीच झोपेचा त्रास आहे, किंवा खरं काय आणि भास काय यात गोंधळ होतो, त्यांनी या भानगडीत पडूच नये.

गंजाडहून परतल्यापासून पाच शनिवार झाले. एकदाच जमलं, तेही मी भाजी घेत असताना, फोनचा पत्ताच नव्हता. फोनवालं स्वप्न त्यानंतर दोनदा पडलं, दोन्ही वेळा मला कळलं नाही. पण त्यातल्या एकदा मी तो उचलायची धडपड केली नाही, एवढं आठवतंय. या शनिवारी रूममेट नाशिकला जातेय. अलार्म लावायला मोकळी.