दाखवलेच नाही ते गणित

आपल्या समाजाने गणित मुलांना शिकवण्यापेक्षा मुलांना बाद करण्यासाठी जास्त वापरले आहे. ‘तुला गणित जमायचं नाही, तू आर्ट्सला जा’ असे मुलीला सांगून मोकळे होणारे घर तिला गणित कधी कोणी दाखवले का, हे विचारत नाही. सूत्र फळ्यावर लिहिले, घोकून घेतले, पेपरात तपासले. दाखवले मात्र नाही.

दाखवणे म्हणजे काय? पुठ्ठ्याचे चार सारखे काटकोन त्रिकोण कापा. काटकोनाच्या बाजू ३ आणि ४ सेंटीमीटर, कर्ण ५. चारही कर्ण बाहेर येतील असे ते जुळवा. ५ चा चौरस होतो आणि मधोमध १ चा चौरस रिकामा राहतो. तिथे तेवढाच तुकडा बसवा. आता दोन-दोन त्रिकोणांचे आयत करून तेच पाच तुकडे पुन्हा मांडा. ४ चा आणि ३ चा चौरस एकमेकांना लागून तयार होतात. काही घातले नाही, काही काढले नाही. हे ज्या मुलाने स्वतःच्या हाताने केले, त्याला पायथागोरसचा सिद्धान्त पाठ करावा लागत नाही.

ही आकृती परकी नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ती आपल्या ‘बीजगणिता’त दिली. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. त्यांच्या नावाचा अभिमान आम्ही भाषणात मिरवतो, आणि त्यांची आकृती पोरांच्या हाती द्यायची वेळ आली की पोर्शन संपवायचा आहे म्हणतो.

खेळत शिकणे म्हणजे वेळ फुकट घालवणे, हा समज आमच्या हाडीमाशी खिळला आहे. पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून गणित-विज्ञानाची खेळणी घडवली आणि ती कशी करायची हे सगळ्यांसाठी विनामूल्य खुले केले. पालकांनी कौतुक केले आणि पैसे क्लासला भरले. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आले, तेव्हा तर आम्ही हद्द केली. जुनी नावे काढली नव्हती. लहान मुलाला आकडा ऐकून लिहिणे सोपे जावे, एवढाच हेतू पुस्तकाच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत होत्या. सुशिक्षितांनी त्याची टिंगल केली. दुसरीतल्या मुलाची अडचण समजून घ्यायला किती जण थांबले?

आता तर पुठ्ठाही लागत नाही. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबर्गला सुरू केलेले जिओजेब्रा हे गणिताचे सॉफ्टवेअर मोबाइलवर फुकट चालते. त्रिकोणाचे टोक बोटाने ओढा. कोन बदलत राहतात, बेरीज १८० अंशच राहते. पण कितीतरी घरांत मुलीच्या हाती फोन द्यायचा नाही असा दंडक आहे, आणि मुलाच्या हाती दिलेल्या फोनवर तो काय पाहतो याची चौकशी नाही. मग ज्याच्या बापाजवळ क्लासची फी आहे तो पुढे जातो. बाकीचे ‘ढ’ ठरतात, आणि हा अन्याय आम्ही गुणवत्तेच्या नावावर खपवतो.

गणेशोत्सवात हलत्या देखाव्यांवर आम्ही हौसेने खर्च करतो. लोक रांगा लावून, पोरांना खांद्यावर घेऊन ते पाहतात. विद्येच्या देवतेच्या त्या मंडपात भास्कराचार्यांची आकृती हलती का करू नये? तिचे मोठे लाकडी तुकडे समोर टेबलावर ठेवा, येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला ते जुळवू द्या आणि शेजारी घाई न करणारा एक कार्यकर्ता बसवा. वर्गणीच्या पुढच्या बैठकीत हा विषय मांडा, आणि जो नाही म्हणेल त्याला सर्वांसमोर कारण द्यायला लावा.