लेन्स घालूनच झोप लागली, तर?

एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा शिक्षणासाठी पुण्यात वसतिगृहात राहतो आणि रात्री अभ्यास करता करता डोळ्यांतील कॉन्टॅक्ट लेन्स न काढताच झोपी जातो. त्या रागावल्या, तर तो म्हणाला, ‘आई, माझ्या लेन्स झोपेत घालायच्याच आहेत, पाकिटावर तसे छापलेले आहे.’ हे खरे आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

‘झोपू नये’ एवढे दोन शब्दांचे उत्तर देऊन मोकळे होता आले असते. परंतु पाकिटावरील मजकूरही खोटा नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. त्याकडे वळण्यापूर्वी माझ्याच हातून झालेली एक चूक आपणांस सांगते.

२०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळे येण्याची साथ पसरली होती, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या दिवसांत दवाखान्याच्या बाकावर लाल डोळ्यांची रांगच बसलेली असे. अशाच एका सकाळी बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी वडिलांबरोबर आली. डावा डोळा लाल, पाणी गळत होते. डोळ्यात काहीतरी खुपते आहे, असे म्हणाली. आदल्या रात्री ट्रॅव्हल्सच्या बसने प्रवास झाला होता, तेव्हा धूळ गेली असेल, असे वडिलांचे म्हणणे. मी विजेरीने वरवर पाहिले, प्रतिजैविकाचे थेंब लिहून दिले, रुमाल वेगळा ठेवा म्हणून सांगितले आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. तिच्या नाकावर चष्मा होता. लेन्सचा विचारही माझ्या मनात आला नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पुन्हा आली, तेव्हा तिला डोळा उघडवत नव्हता. पापणी हळूच उचलली, तर बुबुळाच्या मधोमध पांढुरका डाग. त्याच रिक्षाने तिला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, तो मी विचारायला हवा होता : ‘लेन्स वापरतेस का?’ ती वापरत होती. बसमध्ये रात्रभर लेन्स डोळ्यांतच होत्या, आणि सकाळी डोळा दुखू लागल्यावर त्या काढून तिने चष्मा लावला होता. मला सांगावे, असे तिला वाटले नाही, कारण तिच्या मते डोळे आले होते. आणि माझ्याही मते तेच झाले होते.

आता डोळ्याच्या आत काय घडते, ते पाहू. बुबुळावर काचेसारखा जो पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नसतात. असत्या, तर त्यातून आरपार दिसले नसते. मग या जिवंत पडद्याला प्राणवायू मिळतो कोठून? दिवसा तो मुख्यतः बाहेरच्या हवेतून, अश्रूंच्या पातळ थरात विरघळून येतो. रात्री पापण्या मिटल्या की हवेची वाट बंद होते. मग पापणीच्या आतल्या बाजूच्या रक्तवाहिन्यांकडून मिळेल तेवढ्यावर भागवावे लागते, आणि तो पुरवठा दिवसाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकाच असतो. म्हणून निरोगी माणसाचा कॉर्नियाही रोज रात्री तीन-चार टक्के सुजतो आणि सकाळी डोळे उघडल्यावर पूर्ववत होतो. या टंचाईच्या वेळी मध्ये लेन्सचा आडपडदा आला, तर सूज वाढते आणि सर्वांत वरच्या पेशींची वीण सैल होते.

दुसरी गोष्ट पापण्यांच्या उघडझापीची. जागेपणी आपण मिनिटाला दहा-पंधरा वेळा पापण्या मिटतो आणि दर वेळी डोळा ताज्या अश्रूंनी धुतला जातो. अश्रूंत जंतुनाशक द्रव्ये असतात. झोपेत ही धुलाई थांबते. लेन्स आणि कॉर्निया यांच्यामधले अश्रू डबक्यासारखे साचून राहतात. लेन्सवर, बोटांवरून किंवा डबीतून आलेले जंतू असतील, तर त्यांना ऊब, ओल आणि सहा-सात तासांचा निवांतपणा मिळतो. त्यातला स्यूडोमोनास हा जंतू विशेष घातकी. ओलसर जागा त्याला आवडते, मोरी आणि बेसिनपाशी तो सहज सापडतो, आणि कॉर्नियाला जखम सापडली की एक-दोन दिवसांत तो पडदा विरघळवू लागतो. जखम भरली तरी व्रण उरतो. आपली आजी ज्याला ‘डोळ्यात फूल पडणे’ म्हणत असे, ते हेच.

आता पाकिटाकडे वळू. मऊ लेन्सचा जन्म प्रागमधला. ओटो विख्तर्ले या रसायनशास्त्रज्ञाने १९६१ च्या नाताळात घरीच, मुलांच्या खेळण्यातल्या जोडणी-संचाचे सुटे भाग आणि सायकलचा डायनामो वापरून पहिल्या लेन्स ओतल्या. (संशोधनाला मोठी प्रयोगशाळाच लागते, असे समजणाऱ्यांसाठी ही नोंद.) पुढे १९८१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने काही मऊ लेन्स सलग तीस दिवस, झोपेतही, वापरण्यास परवानगी दिली. लोक हरखले. परंतु कॉर्नियाला जखमा झालेले रुग्ण इतके येऊ लागले, की १९८९ मध्ये ती मुदत सात दिवसांवर आणावी लागली. त्यानंतर सिलिकॉन हायड्रोजेल नावाचा नवा पदार्थ आला. त्यातून प्राणवायू कितीतरी अधिक जातो. आता प्रश्न मिटला, असे सर्वांना वाटले आणि २००१ मध्ये पुन्हा तीस दिवसांची परवानगी मिळाली. आपल्या मुलाच्या पाकिटावरचा मजकूर या वंशावळीतला आहे.

तथापि प्रश्न मिटला नव्हता. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे आढळले, की केवळ दिवसा मऊ लेन्स वापरणाऱ्या १०,००० लोकांमागे वर्षाला सुमारे दोघांना कॉर्नियाचा जंतुसंसर्ग होतो. लेन्ससह झोपणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे वीसवर जाते. आणि नव्या, भरपूर प्राणवायू देणाऱ्या लेन्स घालून झोपणाऱ्यांत? पंचवीस. म्हणजे प्राणवायू वाढला, सूज कमी झाली, परंतु जंतूंना मिळणारा तो निवांतपणा तसाच राहिला. पाकिटावर ‘परवानगी’ लिहिलेली असते. ती ‘दिवसाइतकेच सुरक्षित’ या अर्थाची नसते.

दहा हजारांत वीस म्हणजे फार थोडे, असे आपण म्हणाल. आकडा लहान आहे, हे मला मान्य आहे. म्हणूनच तर शंभर रात्री काही होत नाही आणि धीर चेपतो. त्या मुलीच्या डाव्या डोळ्यात औषधाचे थेंब दर तासाला घालावे लागले, पहिले काही दिवस तर रात्रीसुद्धा. तिची आई गजर लावून बसे. डोळा वाचला, पण मधोमध व्रण राहिला. आज त्या डोळ्याने तिला समोरच्याच्या हाताची बोटे मोजता येतात, पुस्तक वाचता येत नाही. पुढे कॉर्नियाचे प्रत्यारोपण करावे लागेल, असे तज्ज्ञांनी सांगितले आहे.

झोपेत लेन्स घालण्याचे अपवाद आहेत. काही जखमांवर किंवा शस्त्रक्रियेनंतर नेत्रतज्ज्ञ स्वतः मलमपट्टीसारखी लेन्स बसवतात. चष्म्याचा नंबर आटोक्यात ठेवण्यासाठी रात्रीच घालायच्या कडक लेन्सही असतात. पण या दोन्हींवर तज्ज्ञांची सतत नजर असते, आणि रात्रीच्या त्या कडक लेन्सनाही संसर्गाचा धोका आहेच. रंगीत लेन्स मैत्रिणींनी आपसांत बदलून घालणे, हा मात्र निव्वळ अविचार. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

दुपारच्या डुलकीचे काय, हेही लोक विचारतात. धोका रात्रीहून कमी, परंतु डुलकी किती लांबेल हे कोणी ठरवून झोपत नाही. लेन्स काढूनच आडवे व्हावे. रात्रीचा प्रवास, परीक्षेचे जागरण, रात्रपाळी, लग्नघरची धांदल, अशाच वेळी लेन्स डोळ्यांत राहून जाते. म्हणून सोल्युशनची छोटी बाटली, डबी आणि चष्मा नेहमी पिशवीत असावा. बाटली विसरली असेल, तर लेन्स नळाच्या किंवा बाटलीतल्या पिण्याच्या पाण्यात ठेवू नये. पाण्यात अकँथामिबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो आणि त्याच्या संसर्गावरील उपचार कित्येक महिने चालतात. त्यापेक्षा ती लेन्स फेकून द्यावी. डोळ्यापुढे लेन्सची किंमत ती काय!

तरीही कधी डोळा लागलाच, तर सकाळी घाईने लेन्स ओढू नये. ती कोरडी होऊन चिकटलेली असते आणि ओढताना वरच्या पेशी सोलल्या जातात. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, लेन्सवर चालणारे ओलाव्याचे थेंब घालावेत, काही मिनिटे डोळे मिटून बसावे, आणि लेन्स हलू लागली की काढावी. तो दिवस चष्म्यावर काढावा.

आणि डोळा लाल झाला, तर? साथीचे डोळे बहुधा दोन्ही येतात, चिपडे येतात, पुसले की नीट दिसते. एकच डोळा लाल, दुखणे अधिक, उजेड सोसवत नाही, पुसूनही धूसर दिसते, असे असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. पण लेन्स वापरणाऱ्याने हा फरक ओळखत घरी बसू नये. डोळा साधाच लाल वाटला तरी दाखवावा. औषधाच्या दुकानातून थेंब आणू नयेत. त्यांत अनेकदा स्टेरॉइड असते. त्याने लाली उतरते, आणि आत संसर्ग फोफावत राहतो. डोळ्यावर पट्टी बांधू नये. डॉक्टर कोणीही असोत, त्यांनी विचारले नाही तरी ‘मी लेन्स वापरतो’ किंवा ‘वापरते’ हे वाक्य आधी सांगावे. काढलेली लेन्स आणि डबी धुऊन किंवा फेकून न देता आहे तशी बरोबर न्यावी, कारण तपासणीत जंतू तिथेही हाती लागू शकतो. त्या मुलीच्या वडिलांनी घरी जाऊन बेसिनवरची डबी आणली होती. स्यूडोमोनास त्या डबीतल्या थेंबभर पाण्यातही सापडला.