हे बल कुणाच्या नावे?

अकरावीत शिकणाऱ्या माझ्या नातीनं परवा वही माझ्यासमोर आपटली. "आबा, अर्ध्या तासापासून फॉर्म्युलाच शोधून राहिली मी. लावला तर उत्तर चुकते!"

मला हसू आलं नाही. १९७७ साली मीही याच जागी होतो. दहावीपर्यंतचं 'बल' अकरावीत एका दिवसात 'फोर्स' झालं, 'त्वरण' 'ॲक्सिलरेशन' झालं आणि फळा सूत्रांनी भरून गेला. सूत्रं मी घोकली, तरी भौतिकशास्त्रात नापास झालो. "हा विषय तुझ्या डोक्यात शिरायचा नाही," असं सरांनी भर वर्गात सांगितलं. घरच्यांनी ते मानलं आणि मीही मानलं. मग कॉमर्स, बँक, पुढे कादंबऱ्या. आयुष्य वाईट गेलं नाही, पण ते वाक्य आजही आठवतं. म्हणून त्या दिवशी चष्मा पुसून मी वही जवळ ओढली.

गणित ट्रकवरच्या पेटीचं होतं. पेटीत संत्री आहेत आणि ट्रक काटोलहून कळमना बाजाराकडे निघालाय, असं आम्ही मानलं. पेटी २० किलोची, ट्रकचं त्वरण २ मीटर प्रति सेकंद वर्ग, घर्षणांक ०.३. पेटीवर घर्षणबल किती? नातीनं ०.३, २० आणि १० यांचा गुणाकार करून ६० न्यूटन लिहिलं होतं. पुस्तकाचं उत्तर होतं ४०.

बँकेत मला पहिल्याच आठवड्यात एक शिकवण मिळाली होती. नोंद कधी हवेत होत नाही. एकाच्या नावे पडली की दुसऱ्याच्या जमा होते. मी म्हटलं, "कोऱ्या कागदावर फक्त पेटी काढ. ट्रक नको, रस्ता नको. आता हिला कोण कोण ओढतं, कोण ढकलतं, ते बाणांनी दाखव. आणि प्रत्येक बाणाशेजारी देणाऱ्याचं नाव लिही."

पृथ्वी खाली ओढते, २०० न्यूटन. हौद्याची फळी वर ढकलते, तेवढंच. आणि पुढे?

"ट्रकचा जोर."

"ट्रक पेटीला कुठे शिवतो?"

ती थांबली. "फळीलाच."

"मग पुढे नेणारी फळीच. त्या बलाचं नाव काय?"

"घर्षण? पण आबा, घर्षण तर मागं ओढते ना?"

खरी अडचण इथे होती आणि ती सूत्राच्या आधीची होती. घर्षण विरोध करतं ते घसरण्याला. फळी गुळगुळीत असती, तर ट्रक खालून निघून गेला असता आणि पेटी मागच्या उघड्या फाळक्यातून रस्त्यावर पडली असती. तिला फळीसोबत नेतं ते घर्षणच.

आता रक्कम. २० किलोला २ चं त्वरण द्यायचं, म्हणजे ४० न्यूटन हवेत. मग ६० कसले? ती मंजूर मर्यादा! साठ हजारांची कॅश क्रेडिट मर्यादा दिली म्हणून खातेदाराच्या नावे साठ हजार टाकत नाहीत. उचल चाळीसची, तर नोंद चाळीसची. ड्रायव्हरनं त्वरण ४ केलं तर मागणी ८० ची होईल, मर्यादा ६० ची, आणि पेटी घसरेल. पुढचं तिनंच केलं : ६० भागिले २०, पेटीचं त्वरण ३.

न्यूटनचा तिसरा नियमही असाच आहे. पेटीसुद्धा फळीला ४० न्यूटननं मागे ढकलते. पण ही नोंद फळीच्या खात्यातली. मुलं दोन्ही बाण पेटीवरच काढतात आणि वजाबाकी करून शून्य आणतात.

ही चूक फक्त आपल्याच मुलांची नाही. १९९२ साली अमेरिकेत हेस्टेनिस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांनी बल आणि गतीवर, आकडेमोड नसलेली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. महाविद्यालयातला अभ्यासक्रम पुरा केलेले पुष्कळ विद्यार्थी तिच्यात अडखळले. गणितं सुटत होती, समजूत मात्र जुनीच होती.

आपल्याकडे अभियांत्रिकीच्या सीईटीत भौतिक आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. मिनिटभरही एकाला मिळत नाही. त्यामुळे शिकवणी वर्ग वेग शिकवतात, यात मला नवल वाटत नाही. पण वेग शेवटी शिकवायचा असतो. नवख्या कॅशियरला आम्ही आधी नोटा बरोबर मोजायला लावत असू. हात पुढे आपोआप चालू लागे. बाण काढायला न शिकलेल्या मुलाला घड्याळासमोर बसवलं, तर ते सूत्रांच्या यादीत चाचपडत राहतं. आणि चुकलं की स्वतःला ढ समजतं. हे नुकसान कुठल्याच गुणपत्रिकेत दिसत नाही.

हिशेबनीसाला भौतिकशास्त्राचं काय, असं कुणी विचारू नये. सी. व्ही. रामन १९१० च्या सुमारास याच नागपुरात सरकारी वित्तखात्यात अधिकारी होते. दिवसा हिशेब पाहणाऱ्या या माणसाला १९३० साली नोबेल मिळालं.

आईबाबांना भौतिकशास्त्र येत नसलं तरी चालेल. संध्याकाळी "किती गणितं झाली?" असं विचारण्याऐवजी एखाद्या बाणावर बोट ठेवून "हे बल कोण लावतंय?" एवढं विचारावं.

दुसऱ्या दिवशी नात लिफ्टच्या गणितात अडली. सारख्या वेगानं वर जाणारी लिफ्ट, आत वजनकाट्यावर ५० किलोची मुलगी. काटा किती दाखवेल? तिनं तीन बाण काढले होते. पृथ्वी, काटा, आणि तिसऱ्यापुढे प्रश्नचिन्ह.

"आबा, हा वर जाण्याचा जोर आहे. पण देणारा कोण, तेच सापडून नाही राहिलं."

"मग खोड," मी म्हटलं.

तिनं खोडला. क्षणभर कागदाकडे पाहिलं आणि काही न विचारता खाली ५० लिहिलं.