खरेदीचा नियम आणि भोरचा पाऊस

विद्यापीठांतील खरेदीविषयीं तक्रार निघाली कीं, ‘सर्वांत कमी दर’ या नियमास दोष देऊन मोकळें होण्याची आपल्याकडे चाल पडली आहे. आमच्या मतें हा नियमावर उघड अन्याय आहे.

केंद्रसरकारचे सामान्य वित्तीय नियम २०१७ सालीं प्रसिद्ध झाले, तेव्हां २५ हजार रुपयांपर्यंतची खरेदी दरपत्रकें न मागवितां करण्याची मोकळीक त्यांत होती. अट एवढीच कीं, वस्तु योग्य प्रतीची, विक्रेता विश्वासाचा व किंमत वाजवी असल्याबद्दल आपली स्वतःची खात्री झाल्याचें अधिकाऱ्यानें सहीनिशीं लिहून द्यावें. त्यावर अडीच लाखांपर्यंत तिघांच्या समितीनें बाजार पाहून असाच दाखला द्यावयाचा. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ-कायद्यांतहि खरेदी-समितीची तरतूद आहे. निविदा मागविल्या तरी कमी दर पाहावयाचा तो मागणीपत्रकांतील वर्णनास उतरलेल्या वस्तूंमध्येंच. नियमानें माणसाची अक्कल काढून घेतलेली नाहीं; ती चालविण्याचा कंटाळा माणसासच आहे.

भोर-वेल्ह्याचेंच उदाहरण घ्या. (वेल्ह्यास आतां राजगड तालुका म्हणावयाचें.) राजगड-तोरण्याच्या पायथ्याशीं पावसाळाभर हवा ओली. अशा हवेंत सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवर बुरशी धरते, ग्रंथांचे पुठ्ठे फुगतात. येथील कॉलेजाचें मागणीपत्रक दुसऱ्या गांवच्या जुन्या कागदावरून उतरून काढलें, तर त्यांत भिंगाची शक्ति येईल. बुरशीस दाद न देणारें भिंग, ओलावा शोषणारी पेटी, घाट चढून दुरुस्तीस येणारा माणूस, यांतलें कांहींच येणार नाहीं. मग स्वस्त यंत्र येतें, आणि भाद्रपदांत विद्यार्थ्यांस पेशीऐवजीं बुरशीचे तंतु दिसतात! यांत दराचा काय अपराध?

जाब विचारावा तर विभागप्रमुख समितीकडे बोट दाखवितात, समिति विभागाकडे, आणि लेखाधिकारी बेरीज बरोबर असल्याचें सांगतात. कागदावर सह्या सात; जबाबदार मनुष्य एकहि नाहीं.

नियमच उठवा, असें म्हणणाऱ्यांशींहि आमचें जमत नाहीं. भोरचें संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. दरबारची मर्जी तेव्हांच संपली. आज कॉलेजांत खर्चिला जाणारा पैसा करांचा आहे, आणि भातखाचरांत राबणाऱ्या घरांनीं भरलेल्या फीचा आहे. तो कोणा एकाच्या मर्जीवर सोडतां येत नाहीं.

आमची मागणी लहान आहे. यंत्र वापरणाऱ्या शिक्षकानेंच मागणीपत्रक लिहावें व खालीं आपलें नांव घालावें. पहिला पावसाळा सरल्यावर त्यानेंच यंत्र कसें चालतें तें लेखी कळवावें. आणि तो कागद फायलींत न बांधतां पुढच्या मागणीपत्रकास जोडावा.