‘मिस्टरांना पाठवा’

आमच्या संस्थेची गाडी पनवेलच्या एका डीलरच्या वर्कशॉपमध्ये ४१ दिवस पडून होती. ‘पार्ट यायचाय’, ‘दोन दिवसांत फोन करतो’, एवढंच उत्तर. चौथ्या खेपेला काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, मिस्टरांना पाठवा ना, त्यांना समजावून सांगतो.” गाडी संस्थेची, चालवते मी, सही माझी, आणि समजायचं मात्र मिस्टरांना!

त्या दिवसांत माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांवरच्या आमच्या बैठका बंद पडल्या. मारहाणीला कंटाळून माहेरी आलेल्या एका बाईला मी संरक्षण अधिकाऱ्यांकडे नेणार होते. दोनदा दिवस पुढे ढकलला. तिसऱ्यांदा निरोप आला, ती सासरी परत गेली. माझ्या गाडीच्या खोळंब्याची किंमत तिने मोजली.

पोलीस चौकीत ‘उद्या या’ म्हणाले तर लेखी पोच मागा, हे मी बायकांना दहा वर्षं शिकवतेय. इथे मात्र मी एकही कागद मागितला नव्हता. ‘यंत्रातलं आपल्याला काय कळतं’ हा धाक माझ्याही मनात होता. एमएसडब्ल्यू होऊन तो गेला नव्हता.

बत्तिसाव्या दिवशी पत्र दिलं, पोच घेतली. जॉब कार्डची प्रत, पार्टच्या ऑर्डरचा नंबर व तारीख, गाडी देण्याची तारीख, सगळं लेखी मागितलं. नऊ दिवसांत गाडी आली. म्हणजे अडचण फक्त पार्टची नव्हती.

मैत्रिणींनो, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार असा खोळंबा ही सेवेतील त्रुटी ठरू शकते. संस्थेलाही तक्रार करता येते. पोटासाठी स्वतः रिक्षा चालवणारी बाईही ग्राहकच. आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, आपल्या रायगडसाठी अलिबागला, दोन वर्षांच्या आत तक्रार करावी. वकील सक्तीचा नाही. सेवेपोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फीही नाही. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

ग्राहक चळवळ ही पगारदार पुरुषांची, असं समजून आपण ती बाजूला ठेवली. पण ज्या काउंटरवर बाईला ‘मिस्टरांना पाठवा’ म्हणतात, तो काउंटरही आपल्याच लढ्याची जागा आहे. पुढच्या शिबिरात फिर्याद कशी द्यायची याबरोबर जॉब कार्ड कसं वाचायचं, हेही शिकूया का?