मोजू नका म्हणणाऱ्यांनी आधी पॅरिस पाहावं

गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गात एका मित्राने फ्रान्सची बाजू जोरात मांडली. तिथलं सरकार कुणाला धर्म विचारत नाही, वंश विचारत नाही. नागरिक तो नागरिक. आणि आपण मात्र उठसूट टक्के मोजत बसतो, आपल्या मागासलेपणाचं भांडवल करतो, असं तो म्हणाला. टाळ्या पडल्या. खरं सांगायचं तर मीही वाजवल्या. ऐकायला ते छानच वाटतं.

घरी आल्यावर डोक्यात एक साधा प्रश्न आला. लंडन आणि पॅरिस, या दोन महानगरांत नाना वंशांची, नाना रंगांची माणसं जास्त मिसळलेली कुठे आहेत? मी दोन्ही शहरं पाहिलेली नाहीत. माझा मामेभाऊ लंडनच्या पूर्वेला इलफर्डमध्ये राहतो, एवढाच काय तो संबंध. म्हणून पुण्यातल्या खोलीत बसून शोधायला लागले.

लंडन दहा मिनिटांत सापडलं. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ८८ लाख. त्यात 'गोरे ब्रिटिश' ३६.८ टक्के. इतर गोरे धरले तर ५३.८. आशियाई वंशाचे २०.७, कृष्णवर्णीय १३.५ टक्के. मुस्लीम १५ टक्के, म्हणजे तेरा लाखांच्या घरात. दर दहातले चार जण ब्रिटनबाहेर जन्मलेले. याहून खाली उतरायचं तर तेही जमतं. लंडनचे ३२ बरो आहेत, म्हणजे स्वतःची नगरपालिका असलेले विभाग. टॉवर हॅम्लेट्समध्ये जवळपास ४० टक्के लोक मुस्लीम आणि सुमारे ३५ टक्के बांगलादेशी वंशाचे. त्याच पूर्व लंडनच्या टोकाला हॅवरिंगमध्ये दोन तृतीयांश लोक गोरे ब्रिटिश. म्हणजे मिसळण कुठे आहे आणि कुठे नुसताच शेजार आहे, हे मला इथून दिसतं.

मग पॅरिसकडे वळले आणि भिंतीवर आपटले.

पहिली अडचण हद्दीची. पॅरिस शहर म्हणजे फक्त १०५ चौरस किलोमीटर, लोकसंख्या एकवीस लाखांच्या आसपास. भोवती 'पेरिफेरिक' नावाचा रिंग रोड. उत्तर आफ्रिकेतून, सेनेगल-मालीतून आलेल्या कामगारांच्या मोठ्या वसाहती त्या रस्त्याच्या पलीकडे, ज्यांना 'बांलिय' म्हणतात. लंडनची हद्द याच्या पंधरापट मोठी आहे, तिच्यात उपनगरंही येतात. तेव्हा शहराशी शहर ताडून पाहणं हीच फसवणूक. तुलना करायची तर आजूबाजूचा सगळा प्रदेश, म्हणजे सव्वा कोटीच्या आसपासचा ईल-द-फ्रान्स घ्यावा लागतो.

तो घेतला, तरी हाती काय लागतं? साधारण २० टक्के लोक 'इमिग्रे'. सेन-सें-दनी या उत्तरेकडच्या जिल्ह्यात ३० टक्क्यांच्या आसपास. इमिग्रे म्हणजे परदेशात, परदेशी नागरिक म्हणून जन्मून इथे आलेला. अल्जीरियाहून साठच्या दशकात आलेला आजोबा त्यात मोजला जातो. त्याचा फ्रान्समध्ये जन्मलेला मुलगा नाही. नातू तर नाहीच. त्याचं नाव करीम आहे, पत्ता कुठला आहे, पोलीस त्याच्याकडे कसं पाहतात, हे सगळं तसंच राहतं. फक्त कागदावरून तो पुसला जातो.

याचं कारण कायदा आहे. तिथल्या जनगणनेत धर्माचा प्रश्न शेवटचा १८७२ साली विचारला गेला. ६ जानेवारी १९७८ च्या कायद्याने वंश, धर्म अशी माहिती गोळा करण्यावर बंदी आली, थोडे अपवाद ठेवून. २००७ साली अभ्यासासाठी वाट थोडी मोकळी करायचा प्रयत्न झाला, तो तिथल्या घटना परिषदेने रद्द केला. मोठ्या नमुना पाहण्या होतात, २००८-०९ ला झाली, मग २०१९-२० ला. त्यांत आईवडिलांचं जन्मस्थान आणि धर्मसुद्धा विचारला जातो. पण दहा-अकरा वर्षांनी एकदा होणाऱ्या पाहणीतून एखाद्या वस्तीचं चित्र मिळत नाही. २०२५ मध्ये जनगणनेच्या अर्जात आईवडील कुठे जन्मले हा एक ऐच्छिक प्रश्न आला, तर काही मानवाधिकार संघटनांनीच 'उत्तर देऊ नका' म्हणून आवाहन केलं.

तर माझ्या प्रश्नाचं उत्तर असं: लंडन किती मिश्र आहे ते सांगता येतं. पॅरिस किती मिश्र आहे ते पॅरिसलाच अधिकृतपणे ठाऊक नाही.

मित्र म्हणेल, बरं मग, त्यात बिघडलं काय?

२७ ऑक्टोबर २००५. पॅरिसपासून पंधराएक किलोमीटरवरचं क्लिशी-सू-बुवा. फुटबॉल खेळून परतणारी मुलं पोलिसांना पाहून पळाली आणि विजेच्या उपकेंद्रात लपली. सतरा वर्षांचा झिएद बेन्ना आणि पंधरा वर्षांचा बुना त्राओरे विजेच्या धक्क्याने गेले. फ्रान्सभर तीन आठवडे गाड्या जळत राहिल्या. सरकारने आणीबाणी लावली, तीही अल्जीरियाच्या युद्धकाळातला १९५५ चा कायदा बाहेर काढून. दोन पोलिसांवरचा खटला दहा वर्षं चालला, २०१५ मध्ये ते निर्दोष सुटले. त्या वेळी प्रत्येक जण विचारत होता की ही मुलं पोलिसांना पाहून पळतात का. गुन्हा केला नव्हता, मग पळायचं कारण काय? या प्रश्नाचं उत्तर सरकारी दप्तरात असायला हवं होतं. नव्हतं. पोलीस रस्त्यात कुणाला अडवतात, ओळखपत्र मागतात, याची नोंदच होत नाही. अडवलेल्याला निदान पावती तरी द्यावी, अशी चर्चा २०१२ मध्ये सरकारपातळीवर झाली आणि बारगळली.

मग संशोधकांनी काय करावं? ते स्टेशनात जाऊन उभे राहिले. गार द्यु नॉर आणि शातले या गर्दीच्या स्थानकांवर पोलीस कुणाला अडवतात ते त्यांनी लांबून पाहून टिपलं. पाचशेहून अधिक प्रसंग. २००९ साली निष्कर्ष आला: गोऱ्यांच्या तुलनेत कृष्णवर्णीयांना अडवण्याची शक्यता सहापट, अरब दिसणाऱ्यांना जवळपास आठपट. तक्ते न ठेवणाऱ्या प्रजासत्ताकाच्या पोलिसांना कुणाला थांबवायचं हे तक्त्याशिवाय बरोबर कळत होतं.

नोकरीचंही तसंच. २००९ मध्ये संशोधकांनी खोटे अर्ज पाठवले. मारी दियुफ आणि खदीजा दियुफ. दोघींचं आडनाव सेनेगलचं, शिक्षण, अनुभव सारखा, फरक फक्त नावातून आणि काही नोंदींतून कळणाऱ्या धर्माचा. मुलाखतीला बोलावण्याची शक्यता मारीला अडीचपट. हे वाचताना मला माझी पुण्यातली घरशोधणी आठवली. फोनवर ठरलेला फ्लॅट नाव सांगितल्यावर 'आत्ताच दिला हो' झाला. त्या घरमालकाच्या मनातलं मी सिद्ध करू शकत नाही. खदीजालाही एकटीला ते करता आलं नसतं. शंभर अर्ज शेजारी ठेवले तरच ते दिसतं, एरवी ती आपलीच शंका ठरते, आणि लोक म्हणतात, तुम्ही फार मनाला लावून घेता.

कोविडचा आकडा सांगते आणि पुढे जाते. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये फ्रान्समध्ये जन्मलेल्यांचे मृत्यू आदल्या वर्षाच्या तुलनेत २२ टक्क्यांनी वाढले. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत जन्मलेल्यांचे ११४ टक्क्यांनी. जन्मदेश नोंदवला होता म्हणून एवढं तरी कळलं. त्यांची पॅरिसला जन्मलेली मुलं मात्र त्या २२ टक्क्यांच्या गटात विरघळून गेली.

आता मोजणीविरुद्धचा सर्वांत जड मुद्दा. तो मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे. ऑक्टोबर १९४० मध्ये जर्मनांच्या हुकमावरून पॅरिस पोलिसांनी ज्यूंची नोंदणी केली आणि नावपत्त्यांची सूची बनवली. जुलै १९४२ मध्ये त्याच सूचीच्या आधारे फ्रेंच पोलिसांनी दोन दिवसांत सुमारे तेरा हजार ज्यूंना घरांतून उचललं. त्यांत चार हजारांवर मुलं होती. ज्या देशाने हे केलं त्याला धर्माच्या रकान्याची भीती वाटावी, हे मला समजतं. आणि भीती फक्त फ्रान्सला नव्हती. लंडनमध्ये १९७९ साली हॅरिंगे भागात वंशाच्या प्रश्नाची चाचणी घेतली, तेव्हा तिथल्या कृष्णवर्णीय आणि आशियाई लोकांनीच मोठ्या प्रमाणात उत्तर द्यायचं नाकारलं. ही माहिती उद्या आपल्याला हाकलायला वापरतील, असं त्यांना वाटलं. १९८१ च्या जनगणनेतून तो प्रश्न गळाला, १९९१ मध्ये परत आला. धर्माचा प्रश्न २००१ मध्ये आला, आणि तो हवा म्हणून पाठपुरावा करणाऱ्यांत ब्रिटनमधल्या मुस्लीम संघटना होत्या.

पण १९४० ची सूची आणि जनगणनेचा तक्ता यांत फरक आहे. सूचीत नाव आणि पत्ता असतो, ती पोलिसांच्या कपाटात राहते. जनगणनेतून बाहेर येते ती बेरीज. दंगेखोराला बेरजेचा उपयोग नसतो. १९८४ साली दिल्लीत शिखांची घरं शोधणाऱ्या जमावांच्या हातात मतदारयाद्या होत्या. नावाची यादी धोक्याची आहे, तिच्यावर पहारा हवाच. त्या भीतीपोटी बेरीजही नको म्हणणं म्हणजे आपली बाजू मांडायचं साधन आपणच विहिरीत टाकणं.

लंडन स्वर्ग आहे असं मी म्हणत नाही. २०१७ मध्ये ग्रेनफेल टॉवर जळाला तो लंडनच्या सर्वांत श्रीमंत बरोंपैकी एकात. ७२ माणसं गेली, बहुतेक स्थलांतरित आणि वांशिक अल्पसंख्याक कुटुंबांतली. आकडे त्यांना वाचवायला आले नाहीत. रकानेही ओबडधोबड आहेत: 'अरब' हा पर्याय २०११ मध्ये आला, आणि माझा कोकणी मामेभाऊ, त्याचा गुजराती शेजारी आणि समोरचा तमिळ दुकानदार तिघंही नुसते 'इंडियन'. पोलिसांचं म्हणाल तर २०१९-२० मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये कृष्णवर्णीयांना अडवून झडती घेण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास नऊपट होतं. पॅरिसच्या स्थानकांवरच्या आकड्यापेक्षाही वाईट. पण हा आकडा सरकारनेच छापलेला आहे. तो घेऊन पत्रकार मंत्र्याला धरतो, वकील कोर्टात उभा राहतो. स्टेशनच्या खांबाआड उभं राहून मोजावं लागत नाही.

आणि कधीकधी मोजल्यामुळे काही हलतंसुद्धा. १९९७ मध्ये टॉवर हॅम्लेट्स शाळांच्या निकालांत इंग्लंडमधल्या सगळ्या शिक्षण प्राधिकरणांत तळाला होतं. बांगलादेशी मुलं मागे होती, किती मागे होती ते वर्गवार दिसत होतं, म्हणून पैसा आणि चांगले शिक्षक कुठे पाठवायचे ते ठरवता आलं. पंधराएक वर्षांत तिथल्या शाळा देशाच्या सरासरीच्या पुढे गेल्या. सिल्हेटहून आलेल्या शिंपीकाम आणि हॉटेलकाम करणाऱ्यांची ही मुलं. सेन-सें-दनीच्या शाळांत अशी काही प्रगती झाली का, झाली तर कुणाची? अल्जीरियन, मालियन, तमिळ मुलांचे निकाल वेगळे काढलेलेच नाहीत.

हे सगळं मी तुम्हाला का सांगते आहे, ते उघड आहे. आपल्याकडे येत्या जनगणनेत जातही विचारणार आहेत. 'फक्त मुस्लीम लिहा, बिरादरी लिहू नका, इस्लाममध्ये जात नाही' असे संदेश आत्ताच फिरायला लागले आहेत. इस्लाममध्ये जात नाही, मान्य. फ्रान्सच्या घटनेतही वंशभेद नाही. २०१८ मध्ये तिथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने तर 'वंश' हा शब्दच घटनेतून काढायला मत दिलं. त्याने खदीजाला मुलाखतीचं बोलावणं आलं नाही. आपल्या मोहल्ल्यात लग्न ठरवताना बागवान, अत्तार, पिंजारी, खाटीक सगळ्यांना नीट आठवतात. सरकारी माणूस दारात आला की तेवढं विसरायचं? शब्बीर अन्सारी आणि मुस्लीम ओबीसी चळवळीतल्या साथींनी गावोगाव फिरून जे सांगितलं, ते आपण एका फॉरवर्डपायी धुऊन टाकणार का? सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला तेव्हा 'लाडावलेले' म्हणणाऱ्यांच्या तोंडावर ठेवायला आपल्याकडे पहिल्यांदा काहीतरी आलं. ते आकडे आकाशातून पडले नव्हते.

दुसरा रकाना मातृभाषेचा. २०११ मध्ये प्रगणक आमच्या गावच्या घरी आले तेव्हा बाबांनी सवयीने 'उर्दू' सांगितलं. आतल्या खोलीत दादी शेजारणीशी बोलत होती, कोकणीत. तिला उर्दूत भाजीचा भावही विचारता येत नाही. बाबांना वाटलं, मुसलमानाने हेच लिहायचं असतं. उद्या कुणी म्हणालं की महाराष्ट्रातले मुसलमान मराठी नाहीतच, तर पुराव्याला आमच्या घरचाच कागद आहे.

बाबांशी या विषयावर माझं दोनदा भांडण झालं आहे. दादी म्हणते, मला विचारा ना, मी सांगते काय बोलते ते. या वेळी खुर्ची दारात टाकून तिलाच बसवायचं ठरवलंय.